वजन ७८ किलो, पहिला सर्फबोर्ड किती फुटी?

सोलापूरकर_७८: डिसेंबरात मुळकीला (कर्नाटक किनारा) सर्फिंग शिकायला जातोय. उंची ५ फूट ८ इंच. ७ फुटी फायबरचा जुना बोर्ड स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

लाटवेडा: नको. उंचीपेक्षा वजन आणि लिटर (बोर्डाचं आकारमान) बघा. नवशिक्याला किलोमागे साधारण १ लिटर किंवा थोडं जास्तच लागतं. म्हणजे तुम्हाला ८ ते ९ फुटी, २२-२३ इंच रुंद, ३ इंचांहून जाड फोमचा बोर्ड. ७ फुटी बोर्ड बहुधा ४५-५५ लिटरचा असतो. हात मारताना तो खाली दबतो, वेग येत नाही आणि लाट खालून निघून जाते. शिवाय फायबर डोक्यात बसला की टाकेच!

खारं_पाणी: सहमत. झोपल्यावर बोर्डाचं नाक पाण्याच्या जेमतेम वर हवं. बुडलं तर मागे सरका, फार उचललं तर पुढे. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, बोर्डाएवढी लांब घ्या.

सोलापूरकर_७८: ९ फुटी बोर्ड घरी आणून ठेवू कुठे?

लाटवेडा: आणूच नका, तिथेच भाड्याने घ्या. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली ठेवलात तर वरचा थर फुगून सुटेल, चादरीत गुंडाळा नाहीतर काहीही करा. न फुटलेल्या लाटेवर तिरकं जाता आलं की मग साडेसात फुटी, ६० लिटरच्या आसपास.