एनडीटी २ चा प्रयोग येतो आहे, कथक शिकणाऱ्या मुलीने त्यात काय पाहावे?

रानजाई:
नमस्कार. आम्ही गेली नऊ वर्षे जर्मनीत राहतो. हेगच्या नेदरलँड्स डान्स थिएटरचा दुसरा संच, म्हणजे एनडीटी २, पुढच्या महिन्यात आमच्या शहरातल्या नाट्यगृहात पाहुणा प्रयोग करणार आहे. माझी मुलगी १४ वर्षांची असून सात वर्षे कथक शिकते आहे, आणि तिला हा प्रयोग दाखवावा असे फार मनात आहे. हा तरुण नर्तकांचा संच आहे असे माहितीपत्रकात म्हटले आहे. मग हा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम समजावा की पूर्ण व्यावसायिक? आणि जिथे कथानक नाही, पात्रे नाहीत, अशा नृत्यात तिने नेमके काय पाहावे? मागे एका समकालीन नृत्याच्या प्रयोगाला तिला नेले होते, तेव्हा मध्यंतरात तिने विचारले, "आई, ह्याची सम (तालाचे आवर्तन जिथून सुरू होते ती पहिली मात्रा) कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही.

तिस्रजाती:
मी कथक शिकवते, आणि हा प्रश्न माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने विचारला असता तर मला आनंद झाला असता.

आधी पहिली शंका. मूळ संस्था १९५९ सालची, आणि दुसरा संच १९७८ मध्ये, कलादिग्दर्शक यिरी किलियान यांच्या कारकिर्दीत उभा राहिला. नृत्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना मुख्य संचात जाण्यापूर्वी रंगमंचाची सवय व्हावी, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९९१ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या नर्तकांसाठी तिसरा संचही निघाला आणि तो २००६ पर्यंत चालला. नर्तकाचे वय ही उणीव न मानता त्या त्या वयाला शोभेल असे काम देणारी ही संस्था आहे, म्हणून 'दुसरा' या शब्दावरून दर्जा ठरवू नये. ही मुले पूर्ण व्यावसायिक आहेत आणि नामवंत नृत्यरचनाकारांनी खास त्यांच्यासाठी रचना केल्या आहेत.

त्यांतली हान्स व्हान मानेन यांची १९९७ ची 'सोलो' मला सर्वांत जवळची वाटते. नाव 'सोलो', पण नर्तक तीन. संगीतकार बाखची व्हायोलिनची रचना इतकी वेगवान आणि अखंड आहे की एकट्याने ती पेलणे अवघड, म्हणून तिघे आळीपाळीने येतात. एक विंगेत जातो न जातो तोच दुसरा तो वेग तसाच उचलतो. आपण तिहाई (तीनदा म्हटलेला एकच बोल) घेऊन समेवर थांबतो आणि तिथे श्वास घेतो. इथे थांबायला जागाच नाही. विसावा मिळतो तो विंगेत, प्रेक्षकांच्या नजरेआड. आवर्तनच नसल्यामुळे आपल्या अर्थाची सम तिथे सापडणार नाही. त्याऐवजी शरीराचे वजन कुठून कुठे जाते आणि हालचाल एकाकडून दुसऱ्याकडे कशी सोपवली जाते, ते मुलीला पाहायला सांगा.

भीमाकाठ:
तिस्रजाती यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, परंतु सम मुळीच सापडणार नाही हे मला पटत नाही. नृत्यरचनाकार ओहाद नाहारिन यांनी १९९९ मध्ये याच संचासाठी 'मायनस १६' बांधले. त्यात काळे सूट आणि टोप्या घातलेले नर्तक खुर्च्यांच्या अर्धवर्तुळात बसतात आणि ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री म्हणायचे पारंपरिक मोजणीचे गाणे सुरू होते. प्रत्येक कडव्यात एक ओळ वाढते आणि तिच्यासोबत एक हालचालही. रांगेतून एकामागून एक शरीर मागे झोकले जाते, आणि लाट शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचली की तिथला नर्तक जमिनीवर कोसळतो. असे पुन्हा पुन्हा होते. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यानंतर सारे नाट्यगृह त्या पडण्याची वाट पाहू लागते, आणि ते पडणे अचूक वेळी आले की मान आपोआप डोलते. माझ्या लेखी ती समच आहे.

हीच रचना तुमच्या कार्यक्रमात असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो: या भागात नर्तक अंगावरचे कपडे एकेक करून काढून मध्यभागी फेकतात आणि शेवटी आतल्या कपड्यांवर राहतात. त्यात उत्तानपणा अजिबात नाही, तरी चौदा वर्षांच्या मुलीला पूर्वकल्पना दिलेली बरी. पुढे नर्तक खाली येऊन प्रेक्षकांपैकी काही जणांना हात धरून रंगमंचावर नेतात. त्याचीही कल्पना असू द्या.

रानजाई:
दोघांचेही मनापासून आभार. तिकिटे काढली, बाल्कनीतली, कारण रांगेतली लाट वरून नीट दिसेल असे वाटले. 'सोलो'बद्दल मुलीला वाचून दाखवले, तर शनिवारच्या वर्गानंतर तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी द्रुत लयीतला ततकार (कथकचे मूळ पदन्यास) तिघींत वाटून घेतला: एकीने पाऊल उचलायचे आणि दुसरीने तिथूनच पुढे न्यायचे. दोनदा सांध्यावर लय तुटली. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकले तेव्हा एकच मुलगी नाचते आहे असे वाटले.