कोसळणे, ढासळणे, खचणे : कुठे कोणता?

प्रश्न : पावसाळ्यात नागपूरच्या बातम्यांत कधी ‘भिंत ढासळली’ असतं, कधी ‘भिंत कोसळली’. दोन्हींचा अर्थ एकच धरायचा का?

– नाही. कोसळणं म्हणजे वजनदार वस्तू वरून एकदम खाली येणं. भार आणि वेग दोन्ही हवेत. दरड कोसळते, पूल कोसळतो, मुसळधार पाऊससुद्धा कोसळतो. रिमझिम पाऊस कधी कोसळत नाही. ढासळण्यात तुकडे सुटत जातात, आधी माती, मग एकेक दगड. बुरूज ढासळतो, न बांधलेल्या विहिरीची कड ढासळते. ‘अचानक कोसळली’ मधलं ‘अचानक’ खोडावं, ते क्रियापदातच आहे.

– सरसकट खोडू नका. पाऊस नाही, तडा नाही आणि तरी भिंत पडली, तर ‘अचानक’ ही माहिती आहे.
खचणंही यात धरा. आपल्याकडच्या काळ्या मातीवर तिन्ही शब्द एकाच घराला क्रमाने लागतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पाया एका कोपऱ्यात खचतो, म्हणजे जागच्या जागी खाली बसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो. तड्यात पाणी मुरलं की मातीच्या जोडाईची भिंत ढासळू लागते, आणि आधार सुटला की छत कोसळतं. पाया खचलेला असताना नुसतं ‘घर कोसळलं’ लिहिलं, तर कारणच बातमीतून गळतं.

– मुद्दाम केलं असेल तर ‘पाडली’. ‘जीर्ण इमारत कोसळवली’ कानाला फार खटकतं.

– आणि कोलमडणे?

– उभ्या वस्तूचा तोल जाणं. मंडप, विजेचा खांब. त्यावरूनच वेळापत्रक कोलमडतं.

– बाजारभावाचंही तसंच. नागपूरच्या कळमना बाजारात आवक वाढून संत्र्याचे भाव थोडे उतरले तर ‘घसरले’, रोज खालीच चालले तर ‘गडगडले’, एका सौद्यात निम्म्यावर आले तरच ‘कोसळले’. दोन-पाच टक्क्यांना ‘कोसळले’ लिहिणं शेतकऱ्याला विनाकारण घाबरवणं आहे.

– माणसाबद्दल : मन खचतं, तब्येत ढासळते, चालता माणूस भोवळ येऊन कोसळतो. ‘तब्येत अचानक ढासळली’ मात्र बरोबर, कारण ढासळण्यात एरवी वेळ जातो.