एफआरसी रोबोवर नेम धरायला लेझर लावला तर चालतो का?

मिशिगनकर_बाबा
नमस्कार मंडळी, जरा घाईतला प्रश्न आहे. मुलगी अकरावीत, तिच्या शाळेची टीम एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, शाळकरी मुलांची रोबोंची स्पर्धा) खेळते आणि मी मेंटर म्हणून जातो, पण माझं काम वायरिंगचं, नियमांचं फारसं नाही. यांचा रोबो चेंडू फेकतो आणि चालवणाऱ्या मुलाला लांबून कळतच नाही की शूटरचं तोंड नेमकं कुठे आहे, म्हणून पोरांनी शूटरशेजारी लाल लेझर पॉइंटर बसवायचं ठरवलंय. साधा, प्रेझेंटेशनला वापरतात तसला, त्यावर "५ मिलिवॉटपेक्षा कमी" असं छापलंय. इन्स्पेक्शनला अडवतील का? आणि अडवणार असतील तर दुसरं काय करावं?

पिटमधली_ताई
अडवतील, नक्की. मॅन्युअलमध्ये रोबोच्या सेफ्टीच्या नियमात धोकादायक गोष्टींची उदाहरणं दिलीयत, त्यात क्लास १ सोडून बाकी कुठलाही उघडा लेझर येतो. हे क्लास म्हणजे डोळ्याला किती धोका त्यावरून पाडलेले गट, १ सगळ्यात सुरक्षित. ५ मिलिवॉटवाला क्लास १ नाही हो, तो ३आर. क्लास २ सुद्धा १ मिलिवॉटला संपतो आणि क्लास १ तर त्याच्याही खाली. म्हणजे "५ पेक्षा कमी" वाचून बरं वाटतं पण त्या लेबलनेच तुम्ही बाद होता. लेझर म्हटलं की सगळंच बंद असं मात्र नाही, अंतर मोजायचे छोटे सेन्सर असतात ना, ९४० नॅनोमीटरचा न दिसणारा किरण सोडणारे, ते क्लास १ चे असतात आणि कितीतरी टीम वापरतात. डेटाशीटचं पान प्रिंट करून इन्स्पेक्शनला सोबत न्या, वाद होत नाही.

जुना_रोबोकॉनवाला
मी पुण्यात कॉलेजला असताना रोबोकॉन (कॉलेजच्या मुलांची रोबो स्पर्धा) खेळलोय, तिथे क्लास २ पर्यंत मुभा होती पण आजूबाजूच्या कुणालाही त्रास होणार नाही अशी व्यवस्था करा असं नियमातच होतं. तेव्हा एका स्पर्धेचा नियम दुसरीला लावू नका दादा, आपापलं मॅन्युअल बघा.
आणि लेबलवर तर अजिबात विसंबू नका. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेने १२२ पॉइंटर तपासले होते, २०१३ मध्ये निकाल आला, त्यात लाल ४४ टक्के आणि हिरवे ९० टक्के नियमात बसले नाहीत. स्वस्तातल्या हिरव्यातून तर न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर पडतो, डोळ्याला कळतच नाही म्हणून पापणी मिटत नाही. इकडे २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकला तरुण पोरांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेझरने इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ते लेझर यापेक्षा कितीतरी ताकदीचे होते हे मान्य, पण रोबो मैदानात धडका खातो, उचलला जातो, कधी उलटतो, मग तो किरण समोरच्या ड्रायव्हरच्या किंवा पहिल्या रांगेतल्या लहान मुलाच्या डोळ्यात जाणार नाही याची खात्री कोण देणार?

पिटमधली_ताई
अगदी. आणि नियम बाजूला ठेवला तरी उपयोग नाही. मैदान साडेसोळा मीटर लांब, वर झगझगीत दिवे, तो ठिपका ड्रायव्हरला दिसणारच नाही. शिवाय किरण सरळ जातो आणि चेंडू कमान घेऊन जातो, म्हणजे जवळून जुळवलेला नेम लांबून खालीच पडणार. टोपलीसारखं उघडं लक्ष्य असेल तर ठिपका पडायला पृष्ठभागच नाही.
२०२३ पासून मैदानात एप्रिलटॅग लावलेले असतात, ते काळेपांढरे चौकोन. कुठला टॅग कुठे आहे हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे रोबोवरच्या कॅमेऱ्याला एक जरी नीट दिसला तरी अंतर आणि कोन काढता येतो. मग ड्रायव्हरने बटण दाबून ठेवायचं, वळायचं काम रोबो करतो. तेवढा कोड जमत नसेल तर निदान एवढं करा, रोबोवर एलईडीची पट्टी लावा आणि नेम जुळला की ती हिरवी होऊ दे. ड्रायव्हरला रोबोकडे बघताबघता कळतं, लॅपटॉपकडे मान वळवावी लागत नाही. आमच्या पोरांना याचा सगळ्यात जास्त फायदा झाला, खरंच सांगते.

जुना_रोबोकॉनवाला
लेझर वर्कशॉपमध्ये वापरा की. फरशी बसवणाऱ्यांकडे असतो तो लाइन लेझर जमिनीवर ठेवून शूटर आणि कॅमेरा एका रेषेत आहेत का बघायचं. आमचा शूटर दोन अंश तिरका होता आणि आम्ही आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. फक्त डोळ्याच्या उंचीवर नको, आणि काम झालं की डब्यात बंद.

मिशिगनकर_बाबा
दोघांचे मनापासून आभार. पोरांना सांगितलं, थोडी हिरमुसली, पण लेकीने लगेच एलईडीचं कनेक्शन कागदावर काढायला घेतलंय. कॅमेरा शूटरवरच बसवू की खाली फ्रेमवर?

पिटमधली_ताई
फ्रेमवर. शूटरची चाकं फिरली की तिथे इतकं थरथरतं की टॅग धूसर दिसतो. आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन कराच, रोबो मैदानावर ठेवून टेपने मोजलेलं अंतर आणि कॅमेऱ्याने सांगितलेलं अंतर चार-पाच ठिकाणी ताडून बघा.