परसबागेतले ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे) कमी का झाले असावेत?

प्रश्न – गावभाग, सांगली

नमस्कार. गावभागातल्या आमच्या जुन्या घरामागे जेमतेम गुंठाभर परस आहे. त्यात वालाचा मांडव, दोन जास्वंदी, कढीपत्ता, लिंबू आणि गुलाबाच्या आठ-दहा कुंड्या आहेत. दिवाळी उलटली की वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) धरायचा आणि त्यापाठोपाठ नारिंगी-लाल ढालकिडे इतके यायचे, की माझी नात ते तळहातावर घेऊन त्यांचे ठिपके मोजत बसायची. गेल्या दोन हिवाळ्यांत मावा पूर्वीपेक्षा जास्तच आहे, ढालकिडा मात्र क्वचितच दिसला. लिंबावरच्या फुलपाखरांच्या अळ्याही मला कमी वाटतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या परसात शिरले होते आणि ओसरताना गाळाचा थर ठेवून गेले होते. पुरानेच किडे संपवले, असे शेजाऱ्यांचे मत आहे. हे खरे मानावे, की माझ्याच बागेत काही चुकते आहे?

उत्तर – शाहूपुरी, सातारा

ढालकिड्यांपुरता तरी पुराला दोष देऊ नये, असे मला वाटते. ते उडत येतात आणि उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत त्यांना साधारण तीन आठवडे पुरतात. त्यामुळे एखाद्या पुराने ओस पडलेली बाग ते पुढच्या हंगामात पुन्हा भरून काढू शकतात. जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्या आणि मातीत वाढणारे भुंगेरे यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांची घरेच गाळाखाली जातात.

माझ्या मते खरा प्रश्न ते येतात कुठून, हा आहे. आमच्या वसाहतीच्या कडेला पूर्वी शाळू असायचा. थंडीत त्यावर मावा वाढून पाने चिकट झाली, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत चिकटा पडला, की तिथे ढालकिड्यांची रेलचेल असे आणि शाळू वाळू लागला की तेच किडे आमच्या बागांत उतरत. आज त्या रानात बंगले आहेत आणि बांधावरची रुई तर सफाईच्या नावाखाली सगळ्यात आधी गेली, याचे मला फार वाईट वाटते. रुईवरचा पिवळाधमक मावा वालावर किंवा गुलाबावर येत नाही, पण आपल्या बागेत खायला काही नसते त्या दिवसांत ढालकिड्यांना तो पोसतो. आपल्या कुंपणालगत एखादी रुई उगवली असेल, तर कृपया ती उपटू नका.

उत्तर – वाळवा तालुका

आपण मुळाशी किंवा पानांवर कोणते औषध वापरता, हे लिहिलेले नाही. ते आधी तपासा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आम्ही ऊसवाल्यांनी हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. उसावरचा लोकरी मावा २००२ मध्ये राज्यात पहिल्यांदा आढळला, तो आपल्याच सांगली जिल्ह्यात. त्या वर्षी आम्ही फवारणीमागून फवारणी केली आणि मावा पुन्हा पुन्हा उसळत राहिला. शेवटी त्याला आवर घातला तो डिफा नावाच्या पतंगाच्या मावा खाणाऱ्या अळीने आणि मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या किड्यासारख्या मित्रकीटकांनी. ज्या उसात ते होते तिथली पाने कापून लोक दुसऱ्याच्या उसात नेऊन अडकवत असत.

दुसरे म्हणजे, ढालकिड्याची अळी आपण ओळखता का? ती ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. लांबट, काळपट, अंगावर पिवळ्या-नारिंगी खुणा, सहा पाय आणि मागे निमुळते होत गेलेले शरीर. एखादी चिमुकली सुसर पानावर चालावी तशी ती चालते. दिवसाला काही डझन मावा फस्त करणारी हीच अळी कीड समजून चिरडली जाते. माझ्या घरीही हे झाले आहे. मात्र वांग्यावर दिसणारा, मळकट रंगाचा, बारीक लव असलेला अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगा हा त्याच कुळातला असला, तरी पाने खरवडून खातो. त्याला सोडू नका.

उत्तर – मिरज

मी प्राणिशास्त्र शिकवते. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो तिथला आहे. सांगलीच्या परसाला तो लावणे योग्य नाही. आपल्याला आपलीच मोजणी हवी. वालाचे ठरावीक दहा शेंडे खुणेचा दोरा बांधून ठेवा आणि दर रविवारी सकाळी एकाच वेळी मावा, अंडी, अळ्या आणि प्रौढ किडे वहीत नोंदवा. ढालकिडे माव्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी वाढतात, त्यामुळे एका दिवसाच्या पाहणीवरून काहीच ठरवता येत नाही.

प्रश्नकर्ता – गावभाग, सांगली

सर्वांचा मनापासून आभारी आहे. औषधाची शंका खरी निघाली. दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून गुलाब आणताना मिळालेले दाणेदार औषध मी कुंड्यांत आणि उरले ते वालाच्या आळ्यातही घातले, आणि पुढे दर हंगामाला तेच आणत राहिलो. ते रसातून सर्व झाडात भिनते, हे पाकिटावर बारीक अक्षरांत छापले आहे. वालाच्या शेंगा आम्ही खातो, ही गोष्ट आता मला अधिकच बोचते. ते बंद केले आहे. आज दहा शेंड्यांना दोरे बांधले. सात शेंड्यांवर मावा आहे आणि एका पानामागे उभी रचलेली चौदा पिवळी अंडी मिळाली. मात्र त्याच वेलावर काळ्या मुंग्यांची रांग चढते आहे. त्यांचे काय करावे?

उत्तर – वाळवा तालुका

मुंग्या माव्याचा गोड स्राव चाटतात आणि त्या बदल्यात ढालकिड्यांना हुसकावून लावतात. वेलावर काही फवारू नका. मांडवाच्या खांबांना आणि वेलाच्या बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, म्हणजे त्यांची वाट बंद होईल. ग्रीस थेट सालीला लागू देऊ नका. अंडी दोन-चार दिवसांत फुटतील, तेव्हा हे आजच करा.