हॉरर क्लासिकचे सिक्वेल : पहिल्याची भीती दुसऱ्यात टिकते का?

रातकिडा
गेला महिनाभर रोज रात्री एक जुना हॉरर असं चाललंय माझं, लाइट बंद, हेडफोन लावून, एकटा. सायको झाला, एक्झॉर्सिस्ट झाला, हॅलोवीन झाला. आता पुढच्या भागांकडे वळावं म्हणून काल जॉज २ लावला आणि अर्ध्यात बंद केला. पिक्चर वाईट नाहीये, रॉय शायडर तोच आहे आणि मनापासून काम करतो, पण भीतीच वाटेना. पहिल्याच्या शूटिंगला शार्कचं यंत्र समुद्रात सारखं बंद पडायचं, म्हणून स्पीलबर्गला शार्क फारसा दाखवताच आला नाही, मग नुसतं पाणी, ते पिवळे पिंप आणि ती दोन सुरांची धून, आणि आपण पाय वर घेऊन बसतो. दुसऱ्यात शार्क सारखा समोर येतो, भाजलेलं तोंड घेऊन, आणि एकदा नीट बघितला की मग तो फक्त मोठा मासा राहतो.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय की हॉररचा सिक्वेल मुळातच अवघड काम आहे. कॉमेडीत तेच पात्र परत आलं तर आपण खूश होतो. पण भीती माहीत नसण्यात असते, आणि दुसऱ्या भागाला बसलेला प्रत्येक जण पहिला बघून आलेला असतो, त्याला सगळं पाठ असतं. मग घाबरवायचं कशाने? पहिल्याच्या शेजारी ताठ उभा राहील असा एखादा सांगा, लांबलचक यादी नको, का आवडला ते सांगा. आणि शेवट फोडू नका प्लीज.

जुनी_रीळ
ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन, १९३५. पहिला १९३१ चा, दोन्ही जेम्स व्हेलचे. तुम्ही म्हणताय की माहीत झालं की भीती संपते, तर व्हेलने तिथूनच सुरुवात केली असं मला वाटतं. राक्षस सगळ्यांना माहीत झालाय ना, मग आता त्याला बोलायला लावू. बोरिस कार्लॉफला स्वतःला ते पसंत नव्हतं, राक्षस बोलला की त्याची जादू जाईल असं त्याचं मत होतं. त्याचा मान राखून सांगतो, मला उलटं वाटतं.

जंगलातल्या आंधळ्या म्हाताऱ्याचा सीन बघा. गावकरी मागे लागलेत, राक्षस जखमी आहे, आणि झोपडीतून व्हायोलिनचा आवाज येतो. म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून तो घाबरत नाही, एवढी साधी गोष्ट. तो त्याला आत घेतो, खायला देतो आणि एकटेपणात सोबती पाठवला म्हणून देवाचे आभार मानतो. आणि मग त्या शिवलेल्या, टाके घातलेल्या गालावरून एक थेंब ओघळतो. मी हा पिक्चर खूप वेळा बघितलाय आणि तिथे आजही माझा घसा दाटतो. पुढे म्हातारा त्याला शब्द शिकवतो, मित्र, चांगलं, वाईट, आणि तो ते लहान मुलासारखे घोळवून घोळवून म्हणतो. आता पोटात गोळा येतो तो झोपडीचं दार उघडून कोणी डोळस माणूस आत येईल याचा. म्हणजे भीती तेवढीच आहे, फक्त तिचं तोंड फिरवलंय, आधी राक्षसाची वाटत होती, आता राक्षसासाठी वाटते.

नवरी तर शेवटची काही मिनिटंच पडद्यावर असते. एल्सा लँचेस्टर. सुरुवातीला मेरी शेली पण तीच झालीये, बघताना लक्ष ठेवा.

तिसरा_मजला
एक्झॉर्सिस्ट ३ (१९९०). दुसरा भाग १९७७ चा, जॉन बूरमनचा, त्यात रिचर्ड बर्टन आहे, टोळधाड आहे, काय काय आहे आणि माझ्या मते तो गाडी कुठल्या कुठे घेऊन जातो. पण तिसरा स्वतः विल्यम पीटर ब्लॅटीने लिहिलाय आणि डायरेक्टही केलाय, ज्याच्या कादंबरीवरून पहिला झाला तोच हा. त्याने पहिल्यातली ती सैतानाने झपाटलेली मुलगी, तो पलंग, ती खोली यातलं काहीही परत आणलं नाही, पहिल्यातला पोलिस अधिकारी किंडरमन घेतला, म्हातारा झालेला, थकलेला, मित्राची आठवण काढणारा (जॉर्ज सी. स्कॉट), आणि त्याच्या मागे खुनांची मालिका लावली.

आता तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा सीन. शेवटी काय होतं ते सांगत नाही, कसं होतं तेवढं सांगतो. रात्रीची वेळ, कॅमेरा कॉरिडॉरच्या एका टोकाला ठेवलाय आणि हलतच नाही. लांब नर्स तिच्या टेबलाशी, बारीकशी दिसते. म्युझिक नाही. तिला कसलातरी आवाज येतो, ती एका खोलीत जाते, आवाज ग्लासातल्या बर्फाचा निघतो, आणि तिथे ब्लॅटी आपल्याला एक धक्का देऊन मोकळा करतो, आपल्याला वाटतं चला, झालं, हाच होता तो. मग कॅमेरा परत त्याच टोकाला. गार्ड येतो, जातो. नर्स दारं बघते. काही होत नाही. आणखी काही होत नाही. तुम्ही स्क्रीनचा कोपरा न कोपरा शोधायला लागता, कुठलं दार उघडं आहे, कुठे सावली आहे, आणि इतकं लांबून दिसत असतं की तिला हाक मारून उपयोग नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा पॉज करून खोलीतला लाइट लावला होता.

तर रातकिडा, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे की सैतान माहीत असला तरी चालतं, तो कधी येणार हे माहीत नसलं की झालं.

एक खंत मात्र आहे. स्टुडिओने नंतर हट्ट धरला की नावात एक्झॉर्सिस्ट आहे तर शेवटी भूत उतरवलंच पाहिजे, मग एक पाद्री आणून ते दृश्य शूट करून जोडलं. ते जोडलेलं कळतं.

कंदील
मी उलट बाजूने लिहिते, चांगला सिक्वेल कसा हातचा जातो त्यावर. हॅलोवीन. १९७८ च्या पहिल्या भागात खुनी मायकेल मायर्स लॉरी नावाच्या मुलीच्या मागे का लागतो? काही कारण नाही. ती त्या बंद घराच्या दारात चावी ठेवायला गेली, त्याने आतून बघितलं, बस. हेच भयंकर आहे, कारण तिच्या जागी कोणीही असू शकली असती, मी असू शकले असते. हॅलोवीन २ (१९८१) त्याच रात्री सुरू होतो, आयडिया मस्त आहे, रिकामं हॉस्पिटलही छान वापरलंय, आणि मग मध्येच सांगतात की लॉरी त्याची बहीण आहे. संपलं ना! आता तो आपल्या दारात कशाला येईल, तो त्यांच्या घरचा मामला झाला. आणि हे लिहिलंय पहिला भाग लिहिणाऱ्या कारपेंटर आणि डेब्रा हिल यांनीच, म्हणून जास्त लागतं. पुढचे भाग वर्षानुवर्षं हेच नातं घेऊन फिरत राहिले, शेवटी २०१८ च्या हॅलोवीनने मधले सगळे भाग बाजूला ठेवले आणि बहिणीचं प्रकरण पुसून टाकलं, तेव्हा मला थिएटरमध्ये बसल्या बसल्या हायसं वाटलं.

माझी कसोटी हीच आहे. सिक्वेल कारणं द्यायला लागला की घोडं तिथेच पेंड खातं.

आणि हॅलोवीन ३ ला (१९८२) उगाच शिव्या देऊ नका. मायकेल नाही म्हणून लोक चिडले, पण दरवेळी नवी गोष्ट करू असाच विचार होता त्यामागे. तो चालला नाही म्हणून १९८८ मध्ये चौथ्यात मायकेल परत आला, आणि मग शिळ्या कढीला ऊत आणणं सुरूच राहिलं.

दार_किलकिलं
सायको २. माहितीये, हिचकॉकच्या पिक्चरला पुढचा भाग काढायचा म्हणजे काय हे, मी स्वतः कित्येक वर्षं बघितला नव्हता, नाव ऐकलं तरी राग यायचा. १९८३ चा आहे, रिचर्ड फ्रँकलिनचा, हिचकॉक जाऊन तीन वर्षं झाली होती. गोष्टीत २२ वर्षं झालीत, पहिल्यातला खुनी नॉर्मन बरा झाला म्हणून सुटतो आणि त्याच घरी येतो. अँथनी पर्किन्स तोच, आणि व्हेरा माइल्स पण तीच, लायला, जिच्या बहिणीला त्याने मारलं. ती कोर्टात ओरडते, आणि तिचं काय चुकलं सांगा?

सुरुवातीला पहिल्यातला शॉवरचा सीन दाखवतात, काळापांढरा, आणि मग टेकडीवरचं ते घर, आणि त्या घरावर हळूहळू रंग चढतो. तिथेच मी पकडलो गेलो. पर्किन्स काय करतो बघा, सँडविच करायचंय, सुरी काढायची वेळ येते, आणि एक साधा शब्द त्याच्या तोंडातून निघता निघेना. तो बरा राहायचा इतका जीव तोडून प्रयत्न करतोय आणि मेलेल्या आईच्या नावाने चिठ्ठ्या यायला लागतात, फोन यायला लागतात. आपण पूर्ण वेळ देवाला विनवत असतो की अरे नको, नको, तू ठीक आहेस. एका खुन्यासाठी. जुनी_रीळ म्हणतात ते तोंड फिरवणं इथे पण आहे.

पहिल्याच्या बरोबरीचा आहे का? नाही. पण त्याला पहिल्याबद्दल खरं प्रेम आहे हे प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं.

उलटी_टेप
थोडक्यात लिहितो. जपानी रिंगू (१९९८) चा सिक्वेल रासेन त्याच दिवशी रिलीज झाला होता, वेगळा डायरेक्टर, तीच कथामालिका. रिंगू धो धो चालला, रासेन पडला, कारण त्यात बघणाऱ्याचा जीव घेणाऱ्या त्या टेपच्या शापाचं शास्त्रीय स्पष्टीकरण देत बसलेत, विषाणू वगैरे. मग १९९९ ला रिंगूचा डायरेक्टर नाकाता याच्याकडून रिंगू २ करून घेतला, जणू रासेन झालाच नाही. कंदीलताईंचा मुद्दा यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार.

आणि रोमेरोचा डॉन ऑफ द डेड (१९७८) कोणीच कसा काढला नाही? पहिला, नाइट ऑफ द लिव्हिंग डेड, १९६८ चा, दहा वर्षांनी दुसरा, आणि पहिल्यातलं एकही माणूस त्यात नाही. फक्त नियम तेच, मेलेले उठतात आणि चावतात. आधी एका घरात अडकलेले लोक होते, आता पेनसिल्व्हेनियातल्या खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये आहेत, दुकानं बंद झाल्यावर रात्री शूटिंग केलंय. मेलेले तिथे का येतात, तर जिवंतपणी सवय होती म्हणून. ते सरकत्या जिन्यावर धडपडतात ते बघून हसू येतं आणि मग आपली आपल्यालाच भीती वाटते. भूत तेच ठेवून जागा आणि काळ बदलला की सिक्वेलला परत श्वास मिळतो.

रातकिडा
दोन रात्रींनी परत येतोय. आधी ब्राइड बघितला, जुनी_रीळ, तो थेंब दिसला, मी तिथे मागे जाऊन दोनदा बघितला. काल सायको २. शेवटचा सीन संपल्यावर कितीतरी वेळ हेडफोन कानातच होते आणि काही वाजत नव्हतं. चूक त्याची की त्यांची यावर अजून माझं ठरत नाहीये. शार्कला आता काही करून मी माझ्या बाजूला आणू शकत नाही, पण नॉर्मनला पर्किन्सने आणलं, जॉज २ मध्ये मला काय कमी पडलं ते आता कळतंय.

आज एक्झॉर्सिस्ट ३ लावणार. तिसरा_मजला, दुसरा न बघता चालेल ना? आणि याची ब्लॅटीला हवी तशी पण एक आवृत्ती आहे म्हणे, कुठली बघू?

तिसरा_मजला
दुसरा बिनधास्त सोड, तिसऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पहिला मात्र ताजा हवा, तो तुझा आहेच. ब्लॅटीची आवृत्ती २०१६ मध्ये आली, पण तिच्यातले बरेच तुकडे जुन्या व्हिडिओ टेपवरून घेतलेत, मध्येच चित्र धुरकट होतं आणि लय तुटते. आधी थिएटरमध्ये आलेलीच बघ. हेडफोन ठेव, आवाज वाढवू नकोस, आणि ग्लासातला बर्फ वाजला की तिथून पुढे मोबाइलकडे बघू नकोस.