पानातील जस्त नेमके कोणत्या पेशींत आहे, हे कसे पाहावे?

प्रश्न:
पाने वाळवून, दळून आणि आम्लात विरघळवून मी आयसीपी-एमएसवर (द्रावणातील मूलद्रव्ये वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) जस्त व पोटॅशियम मोजले. आकडे पक्के आहेत, पण दळताना बाह्यत्वचा, शिरा आणि आतील हरित ऊती एकत्र झाल्या. म्हणून ताज्या पानाचे काप ग्लुटारअल्डिहाइड या ऊती टिकवणाऱ्या रसायनात ठेवून, अल्कोहोलने निर्जल करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या ईडीएस शोधकाखाली (नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणारे उपकरण) पाहिले. पोटॅशियम जवळजवळ नाहीसे झाले आणि जस्त तर दिसलेच नाही. चूक कुठे झाली?

उत्तर १:
पोटॅशियमचा दोष नमुन्याच्या तयारीत आहे. ते रिक्तिकेच्या (पेशीतील द्रवाने भरलेल्या पिशवीच्या) द्रवात मुक्त आयनांच्या रूपात असते. ग्लुटारअल्डिहाइड प्रथिनांना जखडते, आयनांना नाही, त्यामुळे पेशीपटल सैल झाले की धुण्याच्या द्रावणाबरोबर पोटॅशियम निघून जाते. ताजा, अगदी लहान तुकडा द्रव नायट्रोजनने गार केलेल्या प्रोपेनमध्ये झटकन बुडवावा (प्रोपेन ज्वलनशील आहे, ठिणगीपासून जपावे). थेट नायट्रोजनमध्ये टाकल्यास तुकड्याभोवती वायूचे आवरण तयार होते, गोठणे मंदावते आणि बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात. पुढे काप गोठलेल्या अवस्थेतच घ्यावेत आणि निर्वातात वाळवावेत.

उत्तर २:
जस्ताचे कारण निराळे आहे. ईडीएसला मूलद्रव्य साधारण ०.१ टक्का, म्हणजे किलोमागे १००० मिलिग्रॅम असावे लागते. सामान्य पानाच्या शुष्क भारात जस्त किलोमागे काही दशक मिलिग्रॅमच असते. नोकेआ सेरुलेसेन्ससारख्या जस्त साठवणाऱ्या वनस्पतीच्या बाह्यत्वचेतील रिक्तिकांत ते ईडीएसने दिसते, आपल्या पानात दिसणार नाही. सिंक्रोट्रॉनवरील (अतितीव्र क्ष-किरण देणारे मोठे यंत्र) सूक्ष्म क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे क्ष-किरण पाडल्यावर मूलद्रव्यांतून उलट निघणारे किरण मोजणे, किंवा लेझर अपक्षरणाला (लेझरने पृष्ठभाग थोडाथोडा उडवणे) जोडलेले आयसीपी-एमएस वापरावे. दुसऱ्या पद्धतीत लेझर पडलेला नमुन्याचा भाग नष्ट होतो, हे ध्यानात ठेवावे. प्रतिदीप्तीत फॉस्फरसचे किरण सुमारे २ केईव्हीचे (किरणांच्या ऊर्जेचे एकक) असल्याने ओल्या ऊतीच्या वरच्या साधारण दहा-वीस मायक्रोमीटरमधूनच बाहेर पडतात, तर जस्ताचे ८.६ केईव्हीचे किरण बरेच खोलवरून येतात. त्यामुळे जाड कापात हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून निष्कर्ष काढू नये.

उत्तर ३:
एवढा खटाटोप का करायचा, हे अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या बीजांवरून कळते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हीआयटी१ हे लोह रिक्तिकेत नेणारे जनुक निकामी असलेल्या बीजांतील एकूण लोह नेहमीइतकेच भरले. क्ष-किरण त्रिमितीय चित्रणात मात्र वाहक ऊतींभोवती एकवटलेले लोह विखुरलेले दिसले. दळलेल्या बीजांनी हा फरक कधीच दाखवला नसता.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आधी गोठवण्याची पद्धत बदलतो आणि पोटॅशियम जागेवर राहते का, एवढेच ईडीएसवर तपासतो.