मदत हवी आहे : वणीतील रेस्टॉरंटची वाइनची यादी कशी तपासावी?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे माझ्या मोठ्या भावाचे परवानाधारक रेस्टॉरंट असून त्याने नव्या मेनूकार्डात वाइनचे पान घातले आहे. ते छापायला देण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. यादीत नाशिककडची एक शेनिन ब्लाँ (व्हाइट वाइन), एक रोझे (गुलाबी वाइन) आणि तब्बल चार शिराझ (रेड वाइन) आहेत. आमच्याकडचे गिऱ्हाईक प्रामुख्याने सावजी मटण आणि तर्रीदार रस्सा मागते, आणि जास्त टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) असलेल्या रेड वाइनने तिखटाची आग अधिकच जाणवते; म्हणून शिराझ दोनच ठेवून किंचित गोडसर शेनिन वाढवावी, असे मला वाटते. हे योग्य ठरेल का?

खरी काळजी साठवणुकीची आहे. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, वीजही जाते, आणि वाइनला 12 ते 15 अंशांचे स्थिर तापमान लागते. अशा ठिकाणी एका वेळी किती बाटल्या मागवाव्यात? शिवाय यादीत द्राक्षहंगामाचे वर्ष कुठेच नाही. शेनिनसारखी व्हाइट वाइन ताजीच चांगली लागते, त्यामुळे वर्ष छापलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. ग्लासने विकल्यास उघडलेली बाटली फ्रिजमध्येही काही दिवसांतच उतरते. ही घट धरून ग्लासचा दर कसा ठरवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.